जलाशयातील लाटांसाठी ॲल्युमिनियमची मासेमारी होडी कशी निवडावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत समुद्र नसला तरी मोठे पाणी भरपूर आहे. कोयनेचा शिवसागर, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि वारणेवरील चांदोलीचा वसंतसागर या जलाशयांशिवाय दुष्काळी पट्ट्यातील येरळवाडी, राजेवाडीसारखे तलावही आहेत. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडून पकडीवर चालणारे संसार या पाण्याच्या काठाने आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे होडी, जाळी, इंजिन यांकडेही शेतीच्या अवजारांसारखे हिशेबाने पाहणे गरजेचे झाले आहे.

जुन्या लाकडी होडीच्या जागी ॲल्युमिनियमची होडी घ्यायचा विचार अनेक जण करतात. ती हलकी असते, सडत नाही, डांबर लावावे लागत नाही. मात्र खरेदी करताना लांबी आणि किंमत एवढ्याच गोष्टी पाहिल्या जातात. वारा सुटल्यावर होडी माणसांना घेऊन काठाला परत येईल की नाही, हे धातूवर कमी आणि पुढील तीन गोष्टींवर जास्त ठरते: होडीच्या पुढच्या भागाचा आकार, भरलेल्या होडीची पाण्यावर राहणारी कड आणि आतील बंद हवापेट्या किंवा फोम.

जलाशयातील लाट वेगळी का?

लाट किती उंच होईल हे वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहतो आणि त्याच्यासमोर किती लांब मोकळे पाणी आहे यांवर अवलंबून असते. ताशी ३५ किलोमीटरच्या आसपासचा वारा पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून सलग वाहिला, तर एक फुटाहून उंच लाटा तयार होतात. उंची ऐकायला कमी वाटते. पण या लाटा आखूड आणि उभ्या असतात. दोन लाटांच्या माथ्यांमधील अंतर साधारण २० ते २५ फूटच असते. बारा फुटी होडी दोन लाटांमधील खळग्यात पूर्ण उतरते आणि तिचे तोंड पुढच्या लाटेत घुसते.

शिवसागर सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला आहे. डोंगरांच्या दऱ्यांतून येणारा वारा दिशा बदलतो, झोताने येतो. खडकाळ काठावर आणि धरणाच्या भिंतीवर आपटून लाटा परत फिरतात, त्यामुळे तिथे पाणी दोन्ही बाजूंनी उसळते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर येणारे वळवाचे वादळ सर्वांत धोक्याचे, कारण सकाळी जाळी टाकताना पाणी काचेसारखे शांत असते.

सपाट तळ की व्ही आकाराचा तळ?

अमेरिकेतील मोठ्या तलावांवर बास मासा पकडणाऱ्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या होड्या फार पूर्वीपासून वापरात आहेत. तिथेही होडी घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो.

- सपाट तळाची होडी: उथळ पाण्यात चालते, उभे राहून जाळी ओढताना कमी डुलते, बनवायला सोपी असते. मात्र लाटेवर तळ आपटतो, पुढून पाणी आत उडते आणि बाजूने लाट आली तर होडी लाटेच्या उताराबरोबर कलते. लहान पाझर तलाव, शेततळी आणि काठालगतच्या उथळ पाण्यासाठी ती ठीक आहे.
- पूर्ण व्ही तळाची होडी: लाट चांगली कापते. पण थांबलेली असताना जास्त डुलते, खोल बसते आणि चालवायला मोठे इंजिन लागते. हळू चालणाऱ्या, थांबून जाळी ओढणाऱ्या मच्छीमाराला तिचा पूर्ण फायदा मिळत नाही.
- पुढे व्ही, मागे जवळपास सपाट: पुढचे टोक उंच व धारदार, मध्यापासून मागे तळ सपाट होत जाणारा. पुढचा भाग लाट कापतो, मागचा भाग होडी स्थिर ठेवतो. कोयना, चांदोली, धोम यांसारख्या मोकळ्या पाण्यावर जाळ्याची मासेमारी करायची असेल, तर हाच आकार निवडावा.

पूरकाळात कृष्णाकाठी गुळाची काहील होडीसारखी वापरली जाते. ती तरंगते आणि संथ पाण्यात माणूस पलीकडे नेते. मात्र तिला टोक नसते, दिशा नसते आणि कड बुटकी असते. स्वस्तात मिळणारी बुटक्या कडेची सपाट होडी मोकळ्या जलाशयात नेणे हा काहिलीइतकाच धोका आहे.

लांबी, रुंदी आणि कड

दोन ते तीन माणसे, जाळी, बर्फपेटी आणि पकड एवढा भार असेल, तर मोकळ्या जलाशयासाठी १६ ते १८ फूट लांबी आणि किमान ५ फूट रुंदी धरावी. अरुंद होडी वल्हवायला हलकी असते, पण एका बाजूने जाळी ओढताना पटकन कलते.

कड म्हणजे भरलेल्या होडीत पाण्याच्या पातळीपासून होडीच्या काठापर्यंतची उंची. ती रिकाम्या होडीत मोजू नये. माणसे, इंजिन, भिजलेली जाळी आणि अपेक्षित पकड एवढे वजन ठेवून मोजावी. लाटांच्या पाण्यासाठी सर्वांत बुटक्या ठिकाणी किमान १५ इंच कड राहिली पाहिजे. बहुतेक होड्यांत ही जागा मागच्या फळीजवळ, इंजिन बसवतो तिथे असते.

एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा. १४ ते १६ फुटी होडीत सुमारे १०० ते १३० किलो वजन वाढले की ती साधारण एक इंच खाली बसते. म्हणजे जास्तीचे दोन जण घेतल्याने कड एक ते दीड इंचानेच कमी होते. मग धोका कुठे असतो? हे दोन जण एकाच बाजूला सरकतात तेव्हा. त्या बाजूची कड झपाट्याने खाली जाते, पाणी आत येते आणि आत आलेले पाणी त्याच बाजूला धावते.

माणसांच्या संख्येसाठी अमेरिकेत एक ढोबळ नियम वापरतात: फुटांतील लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. सोळा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीसाठी उत्तर ५ येते. हा आकडा शांत पाण्याचा आहे आणि त्यात जाळी-मासे धरलेले नाहीत. वाऱ्याच्या दिवसांत त्याच्या निम्मी माणसे घ्यावीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून सुटका करणारी, माणसांनी भरलेली होडी उलटून अनेकांचा जीव गेला. होडीत किती जण बसतील हे घाईच्या वेळी ठरवता येत नाही. ते आधीच ठरवून होडीच्या कडेवर रंगाने लिहून ठेवावे.

पत्रा कोणता आणि किती जाड?

- भांड्यांचा किंवा छपराचा साधा ॲल्युमिनियम पत्रा चालत नाही. ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकाचा, पाण्यातील वापरासाठीचा मिश्रधातू मागावा. बिलावर तो क्रमांक लिहून घ्यावा.
- एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचे वजन २.७ किलो भरते, लोखंडाचे ७.८५ किलो. सोळा फुटी होडीला साधारण १४ चौरस मीटर पत्रा लागतो असे धरले, तर २ मिलिमीटर जाडीत तो सुमारे ७६ किलो आणि ३ मिलिमीटर जाडीत सुमारे ११३ किलो भरेल. आतील फासळ्या व बैठकांचे वजन वेगळे.
- उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या भिंती आणि खडक वर येतात. त्यामुळे तळाला ३ मिलिमीटर आणि बाजूंना २ मिलिमीटर जाडी ठेवणे हिताचे. आपटल्यावर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, फायबरला तडा जाण्याची शक्यता जास्त. मात्र फायबरची दुरुस्ती गावात होऊ शकते, ॲल्युमिनियमला आर्गन गॅसवर वेल्डिंग करणारा कारागीर लागतो. असा कारागीर जवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे का, हे होडी घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे.
- रिव्हेटच्या जोडापेक्षा अखंड वेल्डिंगचा जोड निवडावा. लाटांच्या सततच्या आपटण्याने रिव्हेट सैल होऊन गळती सुरू होते, शिवाय जाळे त्यात अडकते.
- तांबे, पितळ किंवा साध्या लोखंडाचे नटबोल्ट ॲल्युमिनियमला लावू नयेत. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरून मध्ये रबरी वॉशर घालावा.

बुडणार नाही याची व्यवस्था

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते. ॲल्युमिनियमची होडी भरली की थेट तळाला जाते. हा फरक पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून आत फोम भरलेल्या बंद पेट्या असल्याच पाहिजेत.

किती फोम लागेल? एक लिटर फोम जवळपास एक किलो वजन उचलून धरतो. होडीतील ॲल्युमिनियम १३० किलो असेल, तर पाण्याखाली त्याचा भार सुमारे ८२ किलो राहतो. इंजिनाचे ३५ किलो, इतर सामानाचे २० किलो आणि कडेला धरून राहणाऱ्या तीन माणसांसाठी ७५ किलो धरले, तर बेरीज २१२ होते. म्हणजे अडीचशे लिटर फोम असावा. साडेचार फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा दोन बैठकांखाली तो बसतो. याशिवाय थोडा फोम कडेच्या आतल्या बाजूने वर लावला, तर पाण्याने भरलेली होडी उलटण्याचा धोका कमी होतो.

साधे थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळते. इंधन सांडण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी ते वापरू नये. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम मागावा.

इंजिन

- मागच्या फळीची उंची मोजूनच इंजिन घ्यावे. छोट्या शाफ्टचे इंजिन साधारण १५ इंच आणि लांब शाफ्टचे साधारण २० इंच उंचीच्या फळीसाठी असते. लाटांच्या पाण्यात २० इंची फळी बरी, कारण मागून येणारी लाट सहज आत येत नाही.
- १६ फुटी होडीला जाळ्याच्या कामासाठी ८ ते १० अश्वशक्ती सहसा पुरते. जास्त ताकदीचे इंजिन जास्त जड असते आणि मागची कड खाली नेते.
- इंजिन असले तरी दोन वल्ही, नांगर, दोर आणि पाणी उपसायचे डबडे होडीत कायम ठेवावे. बंद पडलेली होडी वाऱ्याने आडवी होते, आणि आडव्या होडीवर लाट चढते.

ताब्यात घेण्यापूर्वीची चाचणी

१. काठालगत कमरेएवढ्या पाण्यात होडी न्यावी. ठरलेल्या भाराइतक्या वाळूच्या गोण्या ठेवून चारही बाजूंची कड मोजावी.
२. दोन माणसांना एकाच बाजूला उभे करून त्या बाजूची कड किती उरते ते पाहावे.
३. इंजिन न लावता, त्याच्या वजनाची गोणी मागे बांधून होडी पूर्ण पाण्याने भरावी. ती सपाट तरंगत राहिली पाहिजे. एक टोक खाली गेले तर तिथे फोम वाढवून घ्यावा.
४. पाणी उपसून होडी कोरडी करावी आणि तासाभराने जोडांतून ओल येते का ते तपासावे.

विक्रेता ही चाचणी करू देत नसेल, तर पैसे देऊ नयेत. संस्थेसाठी खरेदी असेल तर विस्तार कर्मचाऱ्यांनी चाचणीच्या वेळी हजर राहून मोजमापे लिहून घ्यावीत.

परवानगी, अनुदान आणि विमा

कोयना आणि चांदोली जलाशयांच्या भोवतीचे क्षेत्र सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. तिथे वन विभागाचे निर्बंध लागू होतात, म्हणून आपल्या भागात मासेमारीला व इंजिनाला परवानगी आहे का, हे आधी विचारावे. इतर जलाशयांवरही ठेका कोणाकडे आहे आणि जलसंपदा विभागाच्या अटी काय आहेत हे पाहावे.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या लाभार्थी घटकांत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य मिळते. याच योजनेतील सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपये संरक्षण आहे. होडीच्या घटकाची सध्याची मर्यादा आणि विम्यातील नावनोंदणी यांसाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी खरेदीपूर्वी संपर्क साधावा.

पाण्यात जाण्यापूर्वी

- लाइफ जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, ते अंगावर असावे. अंगावर नसेल तर उलटल्यावर ते हाताला लागत नाही.
- उन्हाळ्यात दुपारपूर्वी काठावर परतावे. ढग काळे होऊ लागले किंवा गडगडाट ऐकू आला, की जाळे सोडून जवळचा काठ गाठावा.
- लाटा सुरू झाल्यावर सर्वांनी तळाशी बसावे, जड सामान मध्यभागी ठेवावे. लाट सरळ तोंडावर किंवा आडवी न घेता, थोडी तिरपी घेत हळू चालावे.
- सांडवा, दरवाजे आणि वीजगृहाच्या तोंडापासून लांब राहावे.
- पाण्याच्या कडेला उभे राहून लाटांचे माथे पांढरे फुटताना दिसले, तर त्या दिवशी होडी काढू नये. जाळे दुसऱ्या दिवशीही उचलता येते.