वाहनातील सुवाह्य फ्रिज

वाहनातील सुवाह्य फ्रिज (अन्य प्रचलित नावे : कार फ्रिज, बारा व्होल्टचा फ्रिज) हे मोटारगाडी, जीप, मालट्रक किंवा टेम्पोच्या बॅटरीवर चालणारे व हाताने उचलून नेता येणारे शीतकरण उपकरण आहे. वाहनाने प्रवास करून उघड्यावर मुक्काम करणारे पर्यटक, लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि इन्सुलिनसारखी औषधे सोबत बाळगणारे रुग्ण त्याचा वापर करतात. महाराष्ट्रातील खानदेशात, विशेषतः जळगाव व धुळे या जिल्ह्यांत, उन्हाळ्यातील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे कमी किमतीच्या सुवाह्य फ्रिजच्या मर्यादा येथे इतर भागांपेक्षा लवकर उघड होतात आणि त्यात सुधारणा करणे गरजेचे ठरते.

इतिहास

विजेच्या प्रवाहाने दोन भिन्न धातूंच्या सांध्यापाशी उष्णता शोषली किंवा सोडली जाते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेल्तिए याने १८३४ मध्ये दाखवून दिले. त्यावर आधारलेल्या शीतकरणाला पेल्तिए किंवा उष्माविद्युत शीतकरण म्हणतात. १९२२ मध्ये स्वीडनमधील बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी हलणारा एकही भाग नसलेला शोषण पद्धतीचा फ्रिज तयार केला. ज्योतीच्या उष्णतेवरही चालत असल्याने हा प्रकार पुढे परदेशांतील निवासी वाहनांमध्ये रूढ झाला. थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर उपलब्ध झाल्यानंतर वाहनात घरगुती फ्रिजइतके कमी तापमान राखणे शक्य झाले.

भारतात स्वस्त सुवाह्य फ्रिजचा सर्वांत परिचित प्रयत्न म्हणजे गोदरेज अँड बॉईस कंपनीचा ‘छोटुकूल’ होय. त्याच्या घडणीसाठी कंपनीने २००८ मध्ये मराठवाड्यातील उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे ग्रामीण महिलांशी चर्चा केली होती. छोटुकूलमध्ये कॉम्प्रेसर नसून उष्माविद्युत चकती व पंखा असतो. त्याचे झाकण वरच्या बाजूला उघडते आणि तो १२ व्होल्टवर चालतो. या उपकरणाला २०१२ मध्ये अमेरिकेतील एडिसन पुरस्कार मिळाला. वीज अनियमित असलेल्या ग्रामीण घरांसाठी योजलेल्या या फ्रिजला पुढे प्रवासी व लहान दुकानदार असे ग्राहकही लाभले.

प्रकार

उष्माविद्युत फ्रिज : हा सर्वांत स्वस्त व हलका प्रकार आहे. तो आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा साधारणतः १५ ते २० अंशांनी कमी करू शकतो. बाहेर ३० अंश असताना आत १२ अंशांच्या आसपास तापमान मिळते; मात्र बाहेर ४४ अंश असल्यास आतील तापमान २४ अंशांच्या खाली येणे कठीण असते. त्यामुळे खानदेशातील मे महिन्यात तो पाणी थंड ठेवण्यास पुरतो, पण दूध टिकवण्यास पुरत नाही.

कॉम्प्रेसर फ्रिज : याची रचना घरगुती फ्रिजसारखीच असते. तो बाहेरील उष्म्यातही आत ४ अंश किंवा त्याखाली तापमान राखू शकतो. किंमत व वजन जास्त असले तरी उष्ण प्रदेशासाठी हाच प्रकार योग्य मानला जातो. त्यातील शीतकारक वायू बहुधा आर-१३४ए किंवा आर-६००ए असतो. यांपैकी दुसरा ज्वलनशील आहे.

शोषण फ्रिज : हा स्वयंपाकाच्या गॅसवर चालू शकतो. तो सपाट जागी ठेवावा लागतो व कडक उन्हाळ्यात त्याची क्षमता घटते. बंद वाहनात ज्योत पेटती ठेवणे धोकादायक असते. भारतात हा प्रकार फारसा आढळत नाही.

बर्फपेटी : हा खऱ्या अर्थाने फ्रिज नव्हे. थर्माकोल किंवा फोमच्या भिंती असलेल्या या पेटीत बर्फ भरून वस्तू थंड ठेवतात. मासे व आइस्क्रीम विक्रेत्यांमुळे ती सर्वत्र परिचित आहे.

खानदेशातील परिस्थिती

धुळे शहर मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि धुळे–सोलापूर या महामार्गांच्या संगमावर वसलेले आहे. सुरत–नागपूर मार्ग पुढे जळगाव व भुसावळवरून जातो. त्यामुळे मालवाहतूक व प्रवासी वाहनांची वर्दळ येथे वर्षभर असते. सातपुड्यातील पाल व यावल अभयारण्याचा परिसर, चाळीसगावजवळचे पाटणादेवी, शिरपूर तालुक्यातील अनेर धरण आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही पर्यटकांची ठिकाणे आहेत. अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामासाठी वनविभागाची परवानगी लागते. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्या खानदेशातील भाविकांसोबतही पाणी व शिधा वाहणारी वाहने असतात.

येथील उन्हाळा अतिशय कोरडा असतो. फ्रिजच्या भिंतींतून आत शिरणारी उष्णता ही आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. ३० लिटरच्या, ४ सेंटिमीटर जाडीचा फोम असलेल्या पेटीत आत ४ अंश आणि बाहेर ३० अंश असताना सुमारे १३ वॅट उष्णता शिरते. बाहेर ४४ अंश झाल्यास ती सुमारे २० वॅट होते. झाकणाच्या फटीतून येणारी उष्णता त्याहून वेगळी असते. शिवाय बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके कॉम्प्रेसरला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या वाहनाच्या आत तापमान ६० अंशांच्या जवळ जाऊ शकते व तेथे ही अडचण अधिक तीव्र होते.

विजेची गरज

४५ वॅटचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. अपेक्षित तापमान गाठल्यावर तो थांबतो. उन्हाळ्यात तो दिवसा ६० टक्के व रात्री ३५ टक्के वेळ चालतो असे धरल्यास चोवीस तासांत सुमारे ५१३ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४३ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारगाड्यांची बॅटरी बहुधा ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते आणि इंजिन सुरू करणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीचा निम्म्याहून अधिक भार वापरल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजेच इंजिन बंद ठेवून एक रात्र फ्रिज चालवणे चांगल्या बॅटरीवर कसेबसे शक्य होते. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी सुरू न होण्याचा संभव असतो. वस्तीपासून दूर, पाणी नसलेल्या ठिकाणी ही केवळ गैरसोय राहत नाही.

हे टाळण्यासाठी बहुतेक कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर फ्रिज बंद करणारी सोय असते. गाडीच्या मुख्य बॅटरीवर फ्रिज चालवताना ही सोय सर्वांत वरच्या पातळीवर ठेवतात.

स्वस्त फ्रिजमधील सुधारणा

वायरिंग : स्वस्त फ्रिजसोबत येणारी वायर अनेकदा बारीक असते. बॅटरीपासून ४ मीटर अंतरावरील फ्रिजसाठी जाण्यायेण्याची मिळून ८ मीटर तांब्याची वायर लागते. तिचे क्षेत्रफळ ०.७५ चौरस मिलिमीटर असल्यास ४ अँपिअर प्रवाहाला सुमारे ०.७५ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. ४ चौरस मिलिमीटर असल्यास ही घट सुमारे ०.१४ व्होल्टवर येते. बारीक वायरीमुळे बॅटरीत पुरेसा भार असूनही फ्रिजला तो कमी भासतो व फ्रिज मध्येच बंद पडतो. त्यामुळे फ्रिज नादुरुस्त असल्याचा गैरसमज होतो. जाड स्वतंत्र वायर टाकताना बॅटरीलगत फ्यूज बसवणे अनिवार्य असते. तो नसल्यास वायर घासून उघडी पडल्यावर वाहनाला आग लागू शकते.

स्वतंत्र बॅटरी : १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ६४० वॅट-तास ऊर्जा साठते आणि तिचा मोठा भाग वापरता येतो. त्यामुळे गाडीच्या मूळ बॅटरीला धक्का लागत नाही. या बॅटऱ्या साधारणतः ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात भारित करू नयेत, असे उत्पादक सांगतात. म्हणून खानदेशात त्या डिकीत उन्हाच्या बाजूला न ठेवता आसनाखाली सावलीत बसवणे हितावह असते.

सौर पटल : १०० वॅटच्या पटलापासून उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी प्रत्यक्षात सुमारे ३५० ते ४०० वॅट-तास मिळतात. पटल तापले की त्याची क्षमता घटते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के घट होते. त्यामुळे टपावर पटल बसवताना खालून हवा खेळेल इतकी पोकळी ठेवतात. एकच पटल वर काढलेली पूर्ण गरज भागवत नाही, हे यावरून दिसते.

उष्णतारोधन : फ्रिजभोवती फोमचे किंवा जाड गोधडीचे आवरण घातल्यास आत शिरणारी उष्णता कमी होते. मात्र कॉम्प्रेसरकडील जाळी झाकली गेल्यास उलट परिणाम होतो. जाळीसमोर किमान वीतभर मोकळी जागा असावी लागते. झाकणाच्या रबराची परीक्षा कागदाने करतात : कागद अडकवून झाकण लावल्यावर तो सहज निसटला, तर तेथून थंडावा गळत आहे असे समजतात.

आगाऊ शीतकरण : निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज व त्यातील वस्तू थंड करून घेतल्यास बॅटरीवरील भार कमी होतो. पाण्याच्या बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून आत ठेवणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय. २ किलो बर्फ वितळताना सुमारे १८५ वॅट-तास उष्णता शोषतो. वर सांगितलेल्या २० वॅटच्या हिशेबाने तो सुमारे ९ तास पुरतो. वितळल्यानंतर ते पाणी पिण्यास उपयोगी पडते.

तापमापक : फ्रिजच्या पडद्यावरील आकडा भिंतीलगतच्या संवेदकाचा असतो. मधल्या भागातील तापमान त्याहून काही अंशांनी वेगळे असू शकते. त्यामुळे आत स्वतंत्र तापमापक ठेवतात.

अन्न व औषधांची सुरक्षितता

५ ते ६० अंशांदरम्यान अन्नातील जीवाणू वेगाने वाढतात. दूध, पनीर, मांस, शिजवलेला भात यांसारखे पदार्थ ३२ अंशांवरील हवेत एका तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. अर्धवट थंड फ्रिज या दृष्टीने अधिक फसवा असतो. गार लागणारे दूध सुरक्षित असेलच असे नाही.

सर्व पदार्थांना कमी तापमान मानवत नाही. भौगोलिक मानांकन लाभलेली जळगावची केळी १३ अंशांखाली ठेवल्यास साल काळी पडते व पिकण्याची क्रिया बिघडते. भरिताच्या वांग्यांनाही अति थंडी बाधते. दशमी, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचे या खानदेशी शिदोरीतील पदार्थांना एकदोन दिवसांच्या प्रवासात फ्रिजची गरज नसते. ते बाहेर ठेवल्याने लहान फ्रिजमधील जागा दूध, दही व औषधांसाठी मोकळी राहते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते गोठल्यास निकामी होते व नंतर वितळले तरी वापरता येत नाही. फ्रिजच्या तळाशी व शीतपट्टीलगत तापमान शून्याखाली जाऊ शकत असल्याने इन्सुलिन डबीत घालून, कापडात गुंडाळून वरच्या भागात, बर्फाच्या बाटल्यांपासून दूर ठेवतात. मीठ मिसळलेल्या पाण्याचा बर्फ शून्यापेक्षा बराच थंड असतो. त्यामुळे औषधांसोबत तो वापरणे टाळावे लागते.

देखभाल

प्रवासात फ्रिज पट्ट्यांनी घट्ट बांधतात, कारण अचानक थांबताना सुटलेली वजनदार पेटी प्रवाशांना इजा करू शकते. कॉम्प्रेसर फ्रिज आडवा झाला असल्यास तो सरळ करून काही तासांनंतरच सुरू करतात. अन्यथा कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. कच्च्या रस्त्यांवरील धूळ जाळीत साचल्यास वीज जास्त खर्च होते, म्हणून ती ब्रशने वरचेवर साफ करतात. वापर संपल्यावर आतील भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, झाकण किंचित उघडे ठेवून फ्रिज ठेवल्यास कुबट वास येत नाही. शीतकारक वायूच्या नळ्यांचे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

पारंपरिक पर्याय

कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जलद होते. बाहेर ४४ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने गाठता येणारी किमान मर्यादा सुमारे २३ अंश असते. माठ किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळलेले भांडे या मर्यादेच्या जवळ पोहोचते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी सावलीत, वाऱ्यात ठेवलेला माठ विजेशिवाय जवळजवळ तेच काम करतो, जे उष्माविद्युत फ्रिज बॅटरी खर्चून करतो. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर मात्र माठाचा हा गुण कमी होतो. त्यामुळे खानदेशात पिण्याचे पाणी माठात किंवा कापड गुंडाळलेल्या भांड्यात आणि नाशवंत पदार्थ व औषधे कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये, अशी विभागणी केल्यास लहान व स्वस्त फ्रिजही पुरेसा ठरतो.

हेही पाहा

खानदेश
प्रशीतन
पेल्तिए परिणाम
बाष्पीभवन
यावल अभयारण्य