रात्रीच्या पाळीला सायकलचा दिवा कसा निवडावा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्रभर जागे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टायरगाड्या, बैलगाड्या पहाटेपर्यंत चालूच. त्याच दिवसांत लागणीला आणि खोडव्याला पाणी द्यायचे असते, आणि नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ गावांत पंपाची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीचीच मिळते. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, त्यातून काही गावांना दिवसा वीज मिळू लागली आहे. पण ज्यांची पाळी रात्रीची आहे त्यांना दारे धरायला उठावेच लागते. मोटारसायकली वाढल्या हे खरे, तरी सालगडी, राखणदार आणि कितीतरी लहान शेतकरी आजही सायकलच काढतात. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि खांद्यावर फावडे!

मी शेतकी पदविका घेऊन कारखान्याच्या नोकरीत लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे सायकलवरच शिवार फिरलो. त्या वेळचा माझा एक अनुभव सांगतो. बाजारातून मी एक झगमगीत दिवा घेतला. खोक्यावर मोठमोठे आकडे होते. पहिला अर्धा तास असा उजेड, की वाटावे मोटारच आली. एका रात्री बेणे मळा पाहून अहमदपूर-लोहा रस्त्याकडे येणाऱ्या शिवरस्त्याने परतत होतो. दिवा मंद होत होत विझला. वाट पायाखालची म्हणून मी तसाच निघालो. वळणावर उसाने भरलेली गाडी जू टेकवून उभी होती, बैल सोडलेले. मागे ना दिवा, ना रेडियम. उसाची टोके छातीवर आली आणि मी सायकलीसकट नालीत! गळ्याजवळचे हाड मोडले. टोळीतल्या माणसांनी उचलले, एका माउलीने कपाळाच्या जखमेवर हळद दाबली. दीड महिना हात गळ्यात होता. पुढच्या वर्षी त्याच वळणावर एक सालगडी ट्रॉलीला मागून धडकला, तो मात्र उठला नाही. तेव्हापासून कोणी दिव्याविषयी विचारले की मी वेळ काढून बोलतो. तेच येथे लिहीत आहे.

डायनामो की बॅटरी?

आपल्या वडीलधाऱ्यांनी आधी रॉकेलचा दिवा वापरला, नंतर ६ व्होल्टचा डायनामो. डायनामोला सेलचा खर्च नाही, हा त्याचा गुण. पण सायकल थांबली की उजेड गेला, आणि चढावर हळू झालो की मिणमिणता. शिवाय आपली काळी माती टायरला चिकटली की डायनामोचे चाक घसरते. म्हणून शिवारातल्या वापराला आज एलईडीचा बॅटरीवरचा दिवाच सोयीचा. मात्र तो पारखून घ्यावा.

उजेड किती हवा?

सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली तर सेकंदाला ४ मीटरहून थोडे जास्त अंतर जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ६ मीटर. पुढे थांबायला आणखी ४-५ मीटर, आणि सुट्या मुरुमावर त्याहून अधिक. तेव्हा निदान २० मीटर, म्हणजे साठ-पासष्ट फूट रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. चांगला एलईडी एका वॉटला सुमारे १०० लुमेन उजेड देतो. उजेड नेमका रस्त्यावर पडत असेल तर १ ते २ वॉटचा दिवा आपल्या वेगाला पुरतो. हजार लुमेनच्या मागे लागण्याचे कारण नाही.

किती तास चालतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि दुकानात तोच कोणी विचारत नाही. पुष्कळ दिव्यांत १८६५० नावाचा सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यावर ३००० एमएएच लिहिलेले असेल तर ३.७ व्होल्ट गुणिले ३, म्हणजे सुमारे ११ वॉट-तास वीज त्यात मावते. १ वॉटवर दिवा दहा तासांच्या आसपास चालेल, ५ वॉटवर जेमतेम दोन तास. लाईटची पाळी आठ तासांची असेल तर हिशेब आपणच करावा. या मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेले दिसले तर तो आकडा खोटा समजावा. चांगला सेल साधारण २००० ते ३५०० च्या दरम्यान असतो. खरा सेल हाताला भरीव लागतो, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. फारच हलका लागला तर दुकानदाराला परत करावा.

मोबाईलच्याच चार्जरवर चार्ज होणारा दिवा घरी सोयीचा पडतो. ज्याच्या वस्तीवर वीज नाही त्याने साध्या सेलचा घ्यावा आणि जास्तीचे सेल खिशात ठेवावेत. वापर संपला की साधे सेल काढून ठेवावेत. नाहीतर त्यांचा मसाला फुटून दिवा खराब होतो.

उजेड कुठे पडतो?

गोल झोताचा अर्धा उजेड झाडाच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशी रचना असल्याशिवाय सायकलचा दिवा मंजूरच होत नाही. आपल्याकडे ते काम आपणच करायचे. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. उजेडाचा मधला भाग दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर पडला पाहिजे, म्हणजे तो रस्त्यावर दहा मीटरवर टेकतो. दिवा पुढे-मागे कलवून पट्टा घट्ट आवळावा. अंधारात पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नये. समोरच्याला आपण किती लांब आहोत हे कळत नाही.

हँडलवरून निघतो का?

दिवा एका झटक्यात निघणारा असावा. कारण रस्ता संपतो आणि खरी जोखीम बांधावर सुरू होते. पाचटात, सरीत, स्टार्टरच्या पेटीखाली घोणस, नाग, मण्यार असतात. पाय टाकण्याआधी तिथे उजेड टाकावा. काठी आपटत, बूट घालून चालावे. दंश झालाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात जावे.

पाऊस आणि ऊन

खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिले असेल तर पावसाच्या शिंतोड्यांना दिवा टिकतो. पाटात पडूनही चालायचा असेल तर आयपीएक्स ७ पाहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दिवा दिवसभर उन्हात हँडलला ठेवू नये, सेलचे आयुष्य घटते.

मागचे विसरू नका

पुढच्या दिव्याने आपल्याला दिसते, मागच्या लाल दिव्याने आपण दिसतो. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला सायकल वेळेवर दिसली पाहिजे. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर, पायडलला पिवळे, आणि शक्य असल्यास छोटा लाल दिवा लावावा. गाडीवान आणि ट्रॉलीमालक बंधूंनाही विनंती आहे की मागे रेडियम पट्टी असल्याशिवाय रात्री गाडी रस्त्यावर आणू नये, आणि उभी करायची तर रस्ता सोडून करावी. पट्टीवर धुळीचा थर बसला तर ती असून नसल्यासारखी. रोज फडक्याने पुसावी.

पंप चालू करण्याआधी आपण स्टार्टर, फ्यूज पाहतो. तसाच घर सोडण्याआधी दिवा लावून पाहावा, आणि सालगड्याला पाण्यावर पाठवणार असाल तर त्याच्याही सायकलला दिवा मालकाने आपल्या खर्चाने बसवून द्यावा. येत्या पाळीला निघण्यापूर्वी एवढे करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी