बदकाचा पाय आणि कोंबडीचं खाद्य

आमचं बदक राणी दीड महिन्याची असताना एका सकाळी खुराड्यातून बाहेरच आली नाही. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, सांधा सुजलेला. 'गुडघ्याला मार लागलाय, कुणाचा तरी पाय पडला असेल,' असा निकाल घरात लगेच लागला. त्यात दोन चुका होत्या. बदकाच्या पायात मध्यभागी दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. आणि मार कुणाचाच नव्हता. चूक खाद्याच्या पिशवीत होती.

बदक म्हणजे पाण्यातली कोंबडी, तेव्हा कोंबडीचं खाद्य चालतंच, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व लागतं. कोंबडीच्या पिल्लाचं ३५ च्या आसपास भागतं. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार करण्यातही बदक कोंबडीच्या मागे. मक्यात नायसिन असतं, पण बरंचसं अशा रूपात की ते पक्ष्याच्या अंगी लागत नाही. मग सांधे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळणं हा यावरचा जुना उपाय. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट मात्र नको. लवकर लक्षात आलं तर पाय सुधारतो. हाड वाकून पक्कं झालं की सुधारत नाही.

पाव आणि शिळा भात यांनी पोट भरतं, पोषण होत नाही. न चालणाऱ्या बदकाचं त्यानं वजन तेवढं वाढतं, आणि तो भार त्याच पायांवर. 'पौष्टिक म्हणून' शेंगदाण्याची पेंड घालणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं लाखावर टर्की मेल्या, बदकांची पिल्लंही मेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. या विषाला बदकाचं पिल्लू फार नाजूक. कुबट वास आला की पेंड फेकून द्या.

'हलत नाही, सगळं ओलं करतं, तर पाणी लांब ठेवू.' असं करू नका. बदक घास पाण्याबरोबर गिळतं, नाकपुड्या आणि डोळे बुडवून धुतं. भांडं त्याच्या चोचीसमोर हवं, कड बुटकी, पण डोकं बुडेल इतकं खोल. ड्रॉपरनं चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

आता उचलण्याविषयी. बाजारात बदकं पंख किंवा पाय धरून लटकवलेली दिसतात, म्हणून तीच रीत समजली जाते. पाय सहज मोडतो, पंख निखळतो. दोन्ही तळवे पंखांवरून अलगद ठेवायचे, बोटं पोटाखाली सरकवायची, उचलून अंगाशी घ्यायचं आणि पायांना खालून हाताचा आधार द्यायचा. घट्ट आवळायचं नाही. बदकाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं; छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच श्वास चालतो. ते हाड दाबून धरलं की श्वास थांबतो. राणीला पहिल्यांदा मी इतकं प्रेमानं कवटाळलं की तिची चोच उघडी पडली.

पाण्यात पायांवरचा भार हलका होतो, हे खरं. पण टबात सोडून निघून जायचं नाही. बरेच दिवस पोहायला न मिळालेल्या बदकाची पिसं पाणी अडवत नाहीत; ते भिजतं, गारठतं, बुडूही शकतं. कोमट, उथळ पाणी, शेजारी तुम्ही, नंतर कोरडा टॉवेल.

खाली सिमेंट किंवा जाळी नको. भाताच्या तुसाचा किंवा पेंढ्याचा जाड थर घाला, रोज बदला. छातीचं हाड टेकतं तिथे आणि तळव्याला जखम आहे का, शेपटीखाली घाण चिकटली आहे का, हे दररोज पाहा. पावसाळ्यात माशी तिथे अंडी घालते, आणि अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

पाय अचानक गेले, पाठोपाठ पंख आणि मानही लुळी पडली, तर यीस्ट शोधत बसू नका. गिळलेलं शिसं किंवा सडक्या पाण्यातलं बोट्युलिझमचं विष असू शकतं. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, आणि खाद्याची पिशवी सोबत घ्या.