बाथरूम हलवायचंय? आधी उताराचं गणित!

आपण इंजिनिअरिंगला आहोत हे एकदा नातेवाइकांना कळलं, की ब्रँच कुठलीही असो, घरच्या बांधकामाचे प्रश्न आपल्याकडेच येतात. त्यातला एक हमखास: "बाथरूम या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेता येईल का रे?" तेव्हा टाइल्सच्या चर्चेआधी एकच विचारा – सांडपाणी जाणार कुठे?

नळाचं पाणी दाबाने येतं, त्याचा पाइप कसाही वळवा. सांडपाणी मात्र उतारावरूनच वाहतं. म्हणून आखणी सुरू करायची ती इमारतीच्या उभ्या पाइपापासून (बैठं घर असेल तर बाहेरच्या चेंबरपासून) आणि मोजत मागे यायचं, नव्या जागेपर्यंत.

संडासाचा पाइप ११० मि.मी.चा. उतार ४० ला १ धरू. अंतर ४ मीटर, तर ४००० ÷ ४० = १०० मि.मी. म्हणजे कमोडकडचं टोक १० सें.मी. वर. त्यात पाइपाची जाडी ११ सें.मी.; झाले २१. शिवाय वॉटरप्रूफिंग, कोबा, टाइल्स. जुन्या बाथरूमचा स्लॅब बहुधा यासाठीच खाली सोडलेला असतो, बेडरूमचा नसतो. मग मार्ग दोनच: नवी फरशी उचलून पायरी करा, किंवा कमोड जागेवर ठेवून फक्त मोरी-बेसिन हलवा. स्लॅब फोडून खालच्यांच्या बेडरूमच्या छताला पाइप लटकवणं हा मार्ग नव्हे, आणि बीमला भोक तर कधीच नाही!

वळणावर काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घाला. साफ करायला झाकण ठेवा. पाइप तुंबतो तो वळणावरच.

आता नहाणी ट्रॅप. त्यात अडून राहिलेलं सुमारे ५० मि.मी. पाणी गटाराचा वास अडवतं. पाइप लांब असून हवेचा पाइप नसेल, तर वेगाने जाणारं पाणी हे पाणीही ओढून नेतं. न वापरलेल्या ट्रॅपमधलं पाणी आटतं. सुट्टीनंतर हॉस्टेलच्या बाथरूमला येणारा 'सुगंध' बऱ्याचदा त्याचाच. उपाय, एक तांब्या पाणी! हसण्यावारी मात्र नेऊ नका: २००३च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये संसर्ग पसरण्याचं एक कारण सुकलेले ट्रॅप होते, असं तपासात दिसलं.

शेवटची परीक्षा टाइल्स बसवण्यापूर्वीची. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून या. ओल तेव्हाच दिसली तर खर्च थोडा. टाइल्स लागल्यावर दिसली तर पैसेही जातात आणि शेजारही.