डेटाबेस कनेक्ट होत नाही? आधी ‘लोकलहोस्ट’ म्हणजे कोण ते बघा

कापूस निघाला की यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच प्रश्न असतो: आज भाव काय? केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट पोर्टलवर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर क्विंटलप्रमाणे मिळतात. वणी, पांढरकवडा, राळेगावचे दर लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलमध्ये भरायचे आणि पायथॉन किंवा पॉवर बीआयमध्ये आलेख काढायचा, हा प्रोजेक्ट मला फार आवडतो. पण बरेचदा डेटा तयार असतो, टूलही तयार असतं, फक्त दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी मी कोणत्या क्रमाने तपासतो, ते आज बघू.

१) लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’

लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ हा पत्ता ज्या मशीनवर लिहिला, त्याच मशीनचा असतो. लॅपटॉपवर लिहिला तर लॅपटॉप, मोबाईलवर लिहिला तर मोबाईल. म्हणून मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये लोकलहोस्ट टाकून लॅपटॉपचा डेटाबेस कधीच सापडणार नाही.

गुगल कोलॅबचंही तेच. तुम्ही ते मोबाईलवर उघडता, पण कोड चालतो गुगलच्या मशीनवर. तिथला लोकलहोस्ट म्हणजे गुगलची मशीन, तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप नाही! इथे सोपा उपाय म्हणजे टेबल सीएसव्ही फाइलमध्ये काढा आणि ती कोलॅबमध्ये अपलोड करा.

२) एरर नीट वाचा, अर्धं उत्तर त्यातच असतं

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे बसस्थानक आणि पोर्ट म्हणजे फलाट समजा. मायएसक्यूएलचा नेहमीचा फलाट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२. (टाइप करताना अंक इंग्रजीतच टाका.)

– कनेक्शन रिफ्यूज्ड: बहुतेक वेळा स्थानक सापडलं, पण फलाटावर कोणी नाही. सर्व्हर सुरू आहे का आणि पोर्ट बरोबर आहे का, ते बघा.
– टाइम आउट: काही उत्तरच आलं नाही. आयपी चुकला असेल, नाहीतर फायरवॉल अडवत असेल.
– अ‍ॅक्सेस डिनाइड (१०४५): ही खरं तर चांगली बातमी! सर्व्हरपर्यंत पोहोचलात, फक्त युजर किंवा पासवर्ड जुळत नाही.
– अननोन डेटाबेस (१०४९): लॉगिन झालं, पण डेटाबेसचं नाव चुकलं.
– होस्ट नॉट अलाउड (११३०): मायएसक्यूएल नावासोबत तुम्ही कुठून आलात तेही बघतं. फक्त लोकलहोस्टसाठी बनवलेला युजर मोबाईलवरून चालत नाही.

पॉवर बीआय किंवा एक्सेलमध्ये ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ दिसलं तर पासवर्ड बदलत बसू नका. टूल ६४-बिट आणि ओडीबीसी ड्रायव्हर ३२-बिट (किंवा उलट) असेल तर असं होतं. दोन्ही सारखे करा.

३) मोबाईलवरून लॅपटॉपला जोडायचंय?

दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत. कॉलेजच्या वायफायवर एका डिव्हाइसला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असू शकते, म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट लावून बघा. मग लॅपटॉपचा आयपीव्ही-४ पत्ता काढा आणि लोकलहोस्टच्या जागी तो टाका. हॉटस्पॉट बंद-सुरू केल्यावर हा पत्ता बदलू शकतो, हे लक्षात ठेवा. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतं, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कनेक्शनला वेगळी परवानगी द्यावी लागते.

४) ‘फायरवॉल बंद कर, चालेल’ हे ऐकू नका

चालेलही कदाचित. पण झॅम्पमध्ये रूट युजरला मुळात पासवर्डच नसतो. त्यात फायरवॉल बंद केली आणि रूटला बाहेरून यायची मुभा दिली, तर त्या वायफायवरचा कोणीही तुमचं टेबल वाचू शकतो, पुसूही शकतो. भावांचा तक्ता गेला तर पुन्हा भरता येईल. पण त्याच लॅपटॉपवर घरच्या कृषी सेवा केंद्राची उधारी असेल तर? कोणत्या कास्तकाराकडे किती बाकी, त्याचा मोबाईल नंबर, सगळं उघडं! तो डेटा तुमचा नाही, लोकांनी विश्वासाने दिलेला आहे.

म्हणून रूटला पासवर्ड द्या. प्रोजेक्टसाठी वेगळा युजर बनवा आणि त्याला त्या एकाच डेटाबेसवर फक्त वाचायची परवानगी द्या. फायरवॉलमध्ये तेवढं एकच पोर्ट, तेही खासगी नेटवर्कपुरतं उघडा. काम झालं की बंद करा.

५) कनेक्ट झालं, पण ‘पांढरकवडा’च्या जागी ‘????’

हा कनेक्शनचा नाही, अक्षरांच्या सेटिंगचा घोळ आहे. टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. टेबलमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर सेटिंग बदलून मूळ अक्षरं परत येत नाहीत, डेटा पुन्हा भरावा लागतो. म्हणून आधी दोनच ओळी भरून बघा.

थोडक्यात क्रम असा: सर्व्हर सुरू आहे का, पत्ता, पोर्ट, युजर, परवानगी, शेवटी अक्षरं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. चार सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने चाललं ते कळतच नाही, आणि सबमिशनच्या दिवशी पुन्हा अडलं की सुरुवातीपासून शोधावं लागतं.