आयबीएमला नक्की कोणी हाकललं?

संगणकाच्या गप्पा निघाल्या, की गिरगाव-दादरकडच्या जुन्या मंडळींकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'कॉम्प्युटर राजीव गांधींनी आणला' हे एक, आणि 'जॉर्जनं आयबीएमला हाकललं' हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. राजीव गांधींच्या सरकारचं संगणक धोरण नोव्हेंबर १९८४चं. त्यामुळे आयात सोपी झाली, हे खरं. पण त्याच्या तीस वर्षं आधीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगणक बांधायला घेतला होता. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती आणि गटाचे प्रमुख होते आर. नरसिंहन. त्यांच्या हाताखालच्या बहुतेक तरुणांनी संगणक कधी वापरलेला नव्हता. आधी छोटं प्रायोगिक यंत्र झालं, मग १९६० साली पूर्ण आकाराचं. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानं जेमतेम १० केबी. व्हॉट्सॲपवरचा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा तीत मावायचा नाही. १९६२ साली संस्थेची कुलाब्याची नवी वास्तू उभी राहिली, तेव्हा नेहरूंनी यंत्राचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'.

मग भारतातला पहिला संगणक मुंबईचा का? इथे कोलकातेकर लगेच हरकत घेतील आणि ती रास्त आहे. तिथल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ सालीच ब्रिटनहून एचईसी-२एम हा संगणक येऊन पोचला होता. तो विकत आणलेला, आपला इथे बांधलेला. ज्याला जे सोयीचं, ते त्यानं पहिलं म्हणावं. अमेरिकेत तर हा वाद कोर्टात गेला. 'एनियाक' या संगणकाचं पेटंट १९७३ साली न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रद्द ठरवलं, कारण त्यातल्या मूळ कल्पना जॉन अटानासॉफ यांच्याकडून आल्या होत्या, असं त्यांचं मत पडलं. तरी पुष्कळ पुस्तकांत पहिला मान आजही एनियाकचाच.

टिफ्रॅकला काही जण वाया गेलेला खटाटोप म्हणतात. तो पुरा होईतो जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं आणि १९६४ साली संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे कितीतरी मोठं यंत्र आलं, हे खरंच. पण संगणक आतून कसा चालतो ते जाणणारी माणसं त्या खटाटोपातूनच तयार झाली. ती बाजारात विकत मिळाली नसती.

व्यापारी जगतात मुंबईचा पहिला नंबर बहुधा कोणी नाकारणार नाही. एस्सो या तेल कंपनीनं १९६१ साली इथे अमेरिकी कंपनी आयबीएमचा १४०१ हा संगणक बसवला. पाठोपाठ आयुर्विमा महामंडळानं यंत्रं घ्यायचं ठरवलं आणि कारकुनांच्या संघटना उठल्या. कोलकात्यात तर यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी महामंडळाच्या इलाको हाउसबाहेर रात्रंदिवस पहारा दिला. यावरून 'युनियनवाल्यांना कॉम्प्युटर कळलाच नाही' असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला वाटतं, त्यांना तो चांगलाच कळला होता. प्रीमियमचे हिशेब हातानं करणाऱ्यांची जागा हे यंत्र घेणार, यात न कळण्यासारखं काय होतं? सरकारलाही हा प्रश्न पोरकट वाटला नाही. स्वयंचलनावर विचार करायला त्यानं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ साली आला.

आता जॉर्ज फर्नांडिस. १९६७ साली दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या मातब्बर स. का. पाटलांना पाडणारा हा माणूस. 'हाकललं' हे क्रियापद त्याला शोभून दिसतं, यात शंका नाही. पण तारखा बघा. परकीय कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा साधारण ४० टक्क्यांवर आणावा, ही अट परकीय चलनाच्या ज्या 'फेरा' कायद्यातून आली तो १९७३चा, म्हणजे इंदिरा गांधींच्या काळातला. अमेरिकेत जुनी झालेली १४०१ यंत्रं इथे आणून, दुरुस्त करून भाड्यानं द्यायची, या आयबीएमच्या धंद्यावर संसदेच्या लोकलेखा समितीनं टीका केली, तीही जनता सरकार येण्याआधी. त्या सरकारात जॉर्ज उद्योगमंत्री झाले जुलै १९७७ मध्ये आणि आयबीएमनं निघायचं जाहीर केलं नोव्हेंबरात. चार महिन्यांत एवढा मोठा वाद उभा राहत नाही.

कंपनीचा हट्ट होता पूर्ण मालकीचा. तडजोडीचे प्रस्ताव तिनं दिले, पण विक्री आणि देखभाल स्वतःच्याच ताब्यात ठेवून. ते सरकारला पटले नाहीत. त्याच कायद्याखाली ब्रिटिश संगणक कंपनी आयसीएलनं हिस्सा कमी केला आणि ती राहिली. तिची पुण्याची शाखाच पुढे झेन्सार झाली. अमेरिकेच्या बरोज कंपनीनं टाटांशी भागीदारी केली. म्हणजे दार सगळ्यांना सारखंच उघडं होतं. जॉर्जनी कायदा सैल केला नाही आणि श्रेय मात्र मोठ्या आवाजात घेतलं, एवढं त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही.

'आयबीएम गेली म्हणून भारतीय सॉफ्टवेअर जन्मलं' हा याच गोष्टीचा दुसरा टोकाचा अर्थ. टीसीएस मुंबईत १९६८ सालीच सुरू झाली होती आणि बरोजच्या यंत्रावर परदेशी कामं १९७४च्या सुमारास करू लागली होती. आयबीएमची ग्राहकांकडे राहिलेली यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेलं आणि त्यातून अनेक अभियंते घडले, हा फायदा मात्र खरा.

आयबीएम परतली १९९२ साली. तोवर नियम बरेच सैल झाले होते आणि १९७७ साली ज्या कंपनीला भागीदार नको होता, तिनं टाटांचा हात धरला. दोघांनी मिळून काढलेल्या कंपनीचं नाव होतं टाटा इन्फर्मेशन सिस्टिम्स.