डॉ. साळुंखे आपल्या गावात येत नाहीत



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी आपल्या भाचीचं सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पोरगी विहिरीत सापडली. सासरचे म्हणाले, "पाय घसरला. आता कशाला तिची चिरफाड?" माहेरचे रडत होते, कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी अग्नी दिला. आज आईच्या मनात शंका आहे, पण हातात एक कागद नाही.

तेव्हा एकीने विचारलं, "पीएम करायचं की नाही हे ठरवतं कोण? सीआयडीतले डॉ. साळुंखे आपल्याकडे असतात का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'चीफ मेडिकल एग्झामिनर' नावाचं पद असतं. मृत्यूचं कारण शोधण्याचं खास शिक्षण घेतलेला तो डॉक्टर असतो आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी त्याचं कार्यालयच हातात घेतं. आपल्याकडे असं पद नाही. आपल्याकडे तपास पोलिसांचा. ते पंचनामा करतात, पत्र देतात, मग डॉक्टर शवविच्छेदन करतात. म्हणजे पोलिसांना खबरच गेली नाही तर डॉक्टरपर्यंत काहीच पोचत नाही.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात हे काम बहुतेक वेळा एमबीबीएस झालेले वैद्यकीय अधिकारी करतात. एमबीबीएसनंतर आणखी 3 वर्षं न्यायवैद्यकशास्त्र शिकून एमडी झालेले तज्ज्ञ मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयात असतात. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर देह तिकडे पाठवतात. तशी विनंती आपणही करू शकतो.

डॉक्टर बघतात काय? जखमा जिवंतपणीच्या की मेल्यानंतरच्या. जळालेल्या बाईच्या श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती. विहिरीत सापडलेलीच्या फुप्फुसांवरून आणि अंगावरच्या खुणांवरून ती बुडून गेली की आधीच गेली होती, याचा अंदाज घेतात. कुणी केलं हे मात्र डॉक्टर सांगत नाहीत, ते पोलिसांनी शोधायचं. विषाची शंका असली की जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग राखून प्रयोगशाळेत पाठवतात. यालाच व्हिसेरा म्हणतात. त्याचा अहवाल यायला महिने जातात. टीव्हीवर तो जाहिरात संपेपर्यंत येतो! म्हणून कागदावर 'कारण राखून ठेवले' असं दिसलं तर प्रकरण दाबलं असं लगेच समजू नका.

आता कायद्याचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 194 नुसार, लग्नाला 7 वर्षं पूर्ण होण्याआधी बाईने आत्महत्या केली, तिचा मृत्यू संशयास्पद असला, किंवा तिच्या कुणाही नातेवाइकाने मागणी केली, तर पोलिसांनी देह तपासणीला पाठवायचा असतो. कुणाही नातेवाइकाने, हे दोनदा वाचा. आई, भाऊ, मावशी, कुणीही. सासरच्यांची परवानगी लागत नाही. आत्महत्या किंवा संशय असेल तर दंडाधिकाऱ्यांनीही चौकशी करायची असते. आपल्याकडे बहुधा तहसीलदार येतात.

पंचनाम्याला गावातली किमान दोन माणसं लागतात. त्यात आपल्या गटातली बाई का नसावी? फक्त वाचल्याशिवाय सही करू नका. अंगावरचा वळ, तुटलेली बांगडी, दिसलं ते लिहायला सांगा.

पुरलेला देह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बाहेर काढून तपासता येतो. अग्नी दिला की ती वाट बंद. म्हणून तेवढे पहिले काही तास महत्त्वाचे. पोलीस पाटलांना सांगा, नाहीतर 112 वर फोन करा.

हे फक्त संशयापुरतं नाही. साप चावून, वीज पडून, झाडावरून पडून माणूस गेलं तरी हेच कागद लागतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये कापले जातात. अपघाती मृत्यूला त्यात 2 लाख मिळतात, पण मृत्यू अपघाती होता हे कागदाने दाखवावं लागतं.

सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाचे पैसे लागत नाहीत. अहवाल पोलिसांकडे जातो, त्याची प्रत पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून मागायची आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.

पुढच्या बैठकीला मी दोन अर्जांचे नमुने घेऊन येते, एक तपासणीच्या मागणीचा, एक प्रत मागण्याचा. गटाच्या फाईलला लावून ठेवू.